कुत्र्यांसाठी घातलेली रापण

"अरे, कड धरा! पाण्याकडची कड धरा!" पास्कू ओरडला. पण तोवर काळा कुत्रा पाण्यात उतरला होता.

जाळं आम्ही वाळूत उभं धरलं होतं. एक टोक सुरूच्या झाडाला बांधलेलं, दुसरं लाटेपर्यंत नेलेलं, आणि मधे जागोजाग माणसं. किनाऱ्याच्या एका अंगाने कुत्री हाकत आणायची आणि जाळ्यापाशी आली की दोन्ही टोकं आवळायची, असा बेत होता. वाडी मच्छीमारांची. काही पकडायचं म्हटलं की त्यांना जाळंच आठवणार. पण कुत्रीही त्याच वाळूत जन्मलेली. जाळं कुठे संपतं हे त्यांना आमच्याइतकंच ठाऊक होतं. काळा पोहत जाळ्याच्या टोकाला वळसा घालून पलीकडे निघाला आणि त्याच्यामागून एकेक करत सगळी गेली. पलीकडे बाहेर पडून त्यांनी अंगं झाडली आणि सुरूच्या बनात दिसेनाशी झाली.

बाया पोट धरून हसायला लागल्या.

"पास्कू, बांगडो तरी चुकान गावता रे तुका! कुत्रो एकव नाय?"

"हसा," पास्कू म्हणाला. "उद्या मेलेले उचलूची पाळी इली की मगे हसा."

त्यावर हसणं थांबलं.

डॉक्टर शिरसाटबाई होडीच्या सावलीत लसीचा थर्माकोलचा डबा मांडीशी घेऊन बसल्या होत्या. तालुक्याहून आल्या होत्या, फुकट. लसही त्यांच्या संस्थेची. बरोबर कुत्रे धरायला पास्कू फर्नांडिस, तो शेजारच्या गावचा. बाईंनी डब्याचं झाकण किलकिलं करून आत हात घातला.

"मेस्त्री, बर्फ पाणी व्हायला लागलाय," त्या मला म्हणाल्या. "आणि असं पळवून, घाबरवून कुत्री हाती लागत नाहीत. आता तर माणूस दिसलं तरी पळतील."

त्यांना बोलावून आणणारा मीच.

त्याचं असं झालं होतं. खाडीपलीकडे एक कुत्रा पिसाळला आणि आमच्या वाडीत शिरला. दिगंबर कोयंड्यांची नात पल्लवी अंगणात खेळत होती, तिच्या गालाला तो चावला. पोरीला वेळेवर सुया मिळाल्या, ती वाचली. कुत्रा लोकांनी खाडीकाठी मारला. पण तो वाडीतून धावत गेला तेव्हा आमच्यातल्या कुणाला चावला की नाही, हे कुणीच पाहिलं नव्हतं. देवळात बैठक झाली. दिगंबरचा बर्फाचा कारखाना, वाडीत त्याच्या शब्दाला वजन. तो म्हणाला, सगळ्या कुत्र्यांना विष घालायचं. त्याला कोण काय म्हणणार? पोरीचा गाल सगळ्यांनी पाहिला होता.

मी उठलो आणि म्हणालो, "मला एक दिवस द्या. मी डॉक्टर आणतो. टोचलेलं कुत्रं पिसाळत नाही."

"आणि जो टोचलो नाय तो?" दिगंबर म्हणाला.

शेवटी ठरलं ते असं. टोचलेल्या कुत्र्याच्या कपाळाला हिरवा रंग लावायचा. सूर्य बुडेपर्यंत जी कुत्री रंगतील ती जगतील. बिनरंगाच्या कुत्र्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी विष.

मी काही कुत्र्यांचा माणूस नव्हतो. मी घाटावरचा, गडहिंग्लजकडचा. बोटींची इंजिनं दुरुस्त करायला म्हणून आलो, सत्यवतीशी लग्न झालं आणि इथेच राहिलो. माझा दिवस जेट्टीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये जायचा, डिझेलच्या वासात. ती मात्र किनाऱ्यावरची. तिच्या मागे कुत्री फिरायची एवढं मला माहीत होतं. वाडीत त्यांना 'सत्याची कुत्री' असंच म्हणत. त्या होळीला तिला ताप आला आणि तापातच ती गेली. आम्हाला मूलबाळ नव्हतं. तिचं म्हणून हिंडतं फिरतं असं जगात काही उरलं असेल तर ती कुत्री. म्हणून मी बैठकीत उठलो. त्याआधी कधी उठलो नव्हतो.

आणि आता कुत्री बनात होती आणि सूर्य माथ्यावरून ढळला होता.

दिगंबर हात मागे बांधून आला. त्याने रिकामं जाळं पाहिलं, बाईंकडे पाहिलं.

"झाला?" त्याने मला विचारलं.

"अजून दिवस आहे," मी म्हणालो.

"आसा मा. मी खंय नाय म्हणतंय?" तो म्हणाला. मग डब्याकडे बघून बाईंना म्हणाला, "बर्फ इतळलो काय?"

"होय. संध्याकाळपर्यंत टिकायला हवा होता."

तो तसाच परत गेला. मला वाटलं, कटकट मिटली म्हणून गेला.

मथुरामावशी जाळं गोळा करायला वाळूत बसली होती. वाडीतली सगळ्यात म्हातारी बाई. दात नव्हते, पण आवाज किनाऱ्याच्या दोन्ही टोकांना जायचा. जाळ्यातून सुरूच्या काटक्या काढता काढता ती म्हणाली, "कुत्रे हाकेक येनत नाय. दोरयेक येतत."

"म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"रापण घाला. दोर वडूक लागलास की सगळे येतत. रोजचेच ते."

रापण ही बाईंना नवी होती. पास्कूने वाळूत बोटाने अर्धं वर्तुळ काढून त्यांना दाखवलं. दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात जाते, जाळं सोडत सोडत मोठा वळसा घेते आणि दुसऱ्या दोराचं टोक घेऊन लांबवर किनाऱ्याला लागते. मग सगळी वाडी दोन बाजूंना उभी राहून दोर ओढते. ज्याचा हात दोराला लागला त्याला मासळीचा वाटा. मग तो म्हातारा असो, पाहुणा असो, रस्त्याने चाललेला असो.

"मग घालू या ना," बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी रघूकाका कुबलाकडे पाहिलं. रापण संघाचा तो मुख्य. काळा, सडपातळ, कमी बोलणारा. तो होडीला टेकून बिडी ओढत होता.

"दर्यात मासळी नाय," तो म्हणाला. "आठवडो झालो, पाण्याक रंग नाय, वर पक्षी नाय. रिकाम्या दर्यात जाळां घालूचा नसता."

"मासे नकोतच आम्हाला," बाई म्हणाल्या.

"तुमका नको. दर्याक काय वाटात?" रघूकाका म्हणाला. "मस्करी केल्यासारखा होता ता. माज्या बापाशीन कधी केल्यान नाय, मी करूचंय नाय."

त्याने बिडी वाळूत विझवली. त्याच्याशी वाद घालून उपयोग नसे. बाईंनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. सकाळी हे सगळे किनाऱ्यावर येतील, बनाच्या कडेने भाताचे गोळे ठेवतील, आणि कुत्री येऊन खातील. विश्वासाने खातील, कारण त्यांना या वाडीत आजवर कुणी वाईट दिलं नव्हतं.

मथुरामावशीने जाळं खाली ठेवलं.

"मेस्त्री," ती म्हणाली, "सत्या गेल्यापासून तुमच्या घरचो दोर सुटलेलो आसा. तू कधी धरलंस?"

"मी कधीच धरला नाही, मावशी. तीच यायची."

"मगे आज धर."

मला काही कळलं नाही. पण जाळं गोळा करणारे हात थांबले. रघूकाकाने मान वर केली.

पुढे मला समजलं ते असं की, रापणीच्या घरात माणूस गेलं की त्या घराचा दोर सुटला असं धरतात. त्या घरचं कुणी पुन्हा दोराला हात लावायला आलं, की त्या दिवशी जाळं घालावंच लागतं. दर्या भरलेला असो की रिकामा. तिथे मुख्याचंही चालत नाही. मी इतकी वर्षं त्या वाडीत राहिलो, पण किनाऱ्यावरचा माझा संबंध इंजिनांपुरता. मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगायची वेळही आली नव्हती.

"ह्यो घाटी," रघूकाका मथुरामावशीला म्हणाला. "ह्येका धरता काय ह्यो नियम?"

"सत्याचो घोव मा? मगे धरता."

रघूकाका माझ्याकडे बघत राहिला. "तू दोर धरूक इलंस काय?"

मी मान हलवली.

"तोंडान सांग. असो नाय."

"मी सत्यवतीच्या घरचा. मी दोर धरायला आलो आहे."

रघूकाकाने डोक्याचा टॉवेल काढला, झटकला आणि पुन्हा बांधला. "होडी लोटा रे," तो म्हणाला.

मग मात्र कुणाला सांगावं लागलं नाही. जेवून आडवे झालेलेही उठून आले. होडी गेली. वल्ह्यांचा आवाज लांब लांब होत गेला आणि जाळ्याची बोंडं पाण्यावर एकेक करून तरंगू लागली. समुद्र सपाट होता. खरंच एक पक्षी नव्हता. मी उत्तरेकडच्या दोरावर उभा राहिलो, मथुरामावशीच्या मागे. नारळाच्या काथ्याचा जाड ओला दोर. तो हातात घेतल्यावर मला कळलं की सत्यवतीच्या तळहाताला जे घट्टे होते ते कशाचे.

"पाय मागे टाक," मावशी म्हणाली. "हातान वडू नको. पाठीन वड."

"बायलेन काय शिकवल्यान नाय ह्येका," पुढून एक बाई म्हणाली.

"शिकवल्यान असात. कामावरना घराक येय तेव्हा ना!"

दोन्ही बाजूंनी ओढणं सुरू झालं. एक जण ओरडे, बाकीचे त्याला साथ देत. दोर ताठ झाला, पाणी सोडत वर येऊ लागला. मी बनाकडे बघत होतो. काही नव्हतं. झाडं आणि सावल्या. बाई होडीपाशी उभ्या राहिल्या होत्या, पास्कू खाली बसला होता. किती तरी वेळ गेला.

तेवढ्यात दिगंबर आला. डोक्यावर गोणपाटात बर्फ. तो त्याने बाईंच्या डब्यापाशी उतरवला, लाकडाच्या ठोकळ्याने फोडला आणि लसीच्या बाटल्यांभोवती स्वतःच्या हाताने भरला. मग येऊन दक्षिणेकडच्या दोराला लागला. त्या बाजूला माणसं कमी होती.

"इलो," मथुरामावशी हळूच म्हणाली.

मला वाटलं ती दिगंबरबद्दल बोलते. पण तिचं तोंड बनाकडे होतं.

काळा बाहेर आला होता. त्याचं अंग सकाळच्या खाऱ्या पाण्याने ताठरलं होतं. तो घाईने आला नाही. किनाऱ्यावर भरतीने आणून टाकलेल्या शेवाळाची जी रेघ असते, तिथवर आला आणि समुद्राकडे तोंड करून बसला. मग एक लंगडी आली, पांढऱ्या ठिपक्यांची. ती काळ्याच्या पलीकडे थोडं अंतर सोडून बसली. मग दोन तपकिरी, एकमेकांसारखी. मग एक इतका म्हातारा पांढरा कुत्रा, की त्याला दिसत नसावं. तो नाकाने वाळू हुंगत आला आणि रांगेच्या अगदी दुसऱ्या टोकाला जाऊन आपल्या जागी बसला. ज्यांना सकाळभर आम्ही हाकललं, ज्यांच्यासाठी जाळं धरलं, ती सगळी आपण होऊन येत होती. कुणी भुंकलं नाही. कुणी दुसऱ्याच्या जागेवर बसलं नाही. वाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्या शेवाळाच्या रेघेवर, सरळ रांग झाली. सगळ्यांची तोंडं जाळ्याकडे.

मी दोर ओढायचं विसरलो.

"अरे वड!" मावशी म्हणाली. "नायतर नको. तू जा थंय. पास्कूक दोन हात पुराचे नाय."

मी गेलो. बाईंनी सुई भरली होती. त्या काळ्याच्या मागून गेल्या. पास्कूने हळूच त्याच्या मानेची कातडी धरली. काळ्याने मागे वळूनही पाहिलं नाही. त्याचे डोळे जाळ्यावर. सुई गेली, निघाली. पास्कूने कपाळावर हिरवं बोट ओढलं.

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

पुढची. त्या पुढची. मी मान धरायला लागलो. आयुष्यात मी कधी कुत्र्याला हात लावला नव्हता. हाताखाली त्यांची कातडी गरम लागत होती, काळजं धडधडत होती, पण एकही हललं नाही. एका तपकिरीचा कान बाईंनी उलटा करून पाहिला. तिने तो आपण होऊन तिरका केला, जसं लहान मूल वेणी घालायला बसल्यावर मान करतं.

"मेस्त्री," बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ही कुत्री सवयीची आहेत. यांना असं बसवून कुणीतरी हात लावलाय. पुन्हा पुन्हा लावलाय. कान बघितलेत, पंजे बघितलेत. त्या लंगडीचा पाय बघा. मोडलेला होता. कुणीतरी बांधलाय."

"कुणी?"

"ते मी तुम्हाला विचारते आहे."

मला माहीत नव्हतं.

रांगेच्या मध्यावर आलो तेव्हा तिथे एक जागा मोकळी होती. एक माणूस मांडी घालून बसेल एवढी. तिच्या एका बाजूला एक तरुण करडा कुत्रा, दुसऱ्या बाजूला एक तांबडी कुत्री. दोघांनी मधे अंतर सोडलेलं. तांबडी अंगाने किडकिडीत होती, पण तिचे डोळे वेगळे होते. सकाळी तिच्या जवळपासही कुणी पोचलं नव्हतं. करड्याचं झालं, आणि तांबडीकडे जायला बाईंनी त्या मोकळ्या जागेत पाय टाकला.

तांबडी गुरगुरली. त्या सगळ्या वेळात ऐकलेला तो पहिला आवाज. करडा उठला. त्याच्या पलीकडचा उठला. रांगेत एकेक करून कुत्री उभी राहायला लागली, अगदी टोकाच्या आंधळ्यापर्यंत. आता पळाली तर पुन्हा येणार नव्हती. अर्ध्यांच्या कपाळाला अजून रंग नव्हता.

"पाय काढा!" दोरावरून मथुरामावशी ओरडली. "बाय, थंयसून पाय काढा! ती सत्याची जागा!"

बाईंनी पाय मागे घेतला.

"कसली जागा?" मी ओरडून विचारलं.

"तिची बसाची! वाटो घेवन थंय बसायची ती. सगळ्यांका वाटो घाली. एकेकाक जवळ घेई, कान बघी, गोचडी काढी, करंजेल लावी, मगे मासो देई. रापण झाली की रोज! तुका म्हायत नाय?"

मला माहीत नव्हतं. ती रापणीवरून घरी यायची तेव्हा टोपलीत एखाददुसरा मासा असायचा. मी म्हणायचो, एवढा दोर ओढलास आणि एवढीच मासळी? ती म्हणायची, वाटून इलंय. मला वाटायचं माहेरच्या कुणाला देत असेल. मी कधी पुढे विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलं नसणार.

होळीपासून ती जागा रिकामी होती. अख्खा पावसाळा गेला. रापण बंद झाली, सुरू झाली. आणि प्रत्येक वेळी ती कुत्री येऊन या जागेला सोडून दोन्ही बाजूंना बसत होती. दोरावरच्या बाया ते रोज बघत होत्या. त्यांना त्यात नवल नव्हतं. मी जेट्टीवर इंजिनं खोलत होतो.

"बसा," बाई म्हणाल्या.

"मी?"

"दुसरं कोण?"

मी बसलो. गुडघे दुखत होते, तरी मांडी घातली. वाळू गरम होती. समोर दोन्ही दोरांवर माणसं मागे मागे येत होती आणि मधे जाळ्याचं वर्तुळ लहान होत चाललं होतं. सत्यवतीला हेच दिसत असणार. मी तांबडीकडे बघितलं नाही. समोर बघत राहिलो. भीती वाटत होती. मग माझ्या खांद्याला नाक लागलं. तिने माझी बाही हुंगली, तळहात हुंगला, त्यावरचं काळं ग्रीस हुंगलं. त्यात तिला काय सापडलं मला ठाऊक नाही. ती बसली, माझ्या गुडघ्याला टेकून, आणि समुद्राकडे बघायला लागली. तिच्यापाठोपाठ करडा बसला. मग पलीकडचा. मग रांगेतली बाकीची, उठली तशीच एकेक करून.

मी तांबडीच्या मानेवर हात ठेवला. बाईंनी मागून सुई दिली. पास्कूने हिरवं बोट ओढताना दुसऱ्या हाताने छातीवर क्रूस काढला.

"जेजू," तो म्हणाला. "माज्या जन्मात बघूक नाय असां."

मी तिथेच बसून राहिलो आणि ते दोघे पुढे गेले. मी बसलो होतो तोवर एकही कुत्रं उठलं नाही. म्हाताऱ्या पांढऱ्यापर्यंत सगळ्यांची कपाळं हिरवी झाली तेव्हा जाळ्याची खोळ वाळूला लागत होती.

रिकामी नव्हती. भरलेलीही नव्हती. थोडे पेडवे, एकदोन खेकडे, मूठभर मांदेली. सगळी मिळून एक टोपली झाली. रघूकाकाने ती उचलली, रांगेपर्यंत आणली आणि माझ्यापुढे ठेवली.

"सुटलेलो दोर धरलंस," तो म्हणाला. "पयलो वाटो तुजो. आज तितकोच आसा."

मी टोपलीतला एक पेडवा उचलला आणि तांबडीपुढे धरला. ती सगळ्यात जवळची. तिने माशाकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. मी करड्यापुढे धरला. त्यानेही तोंड फिरवलं. मला वाटलं आजारी आहेत, सुईने मळमळतंय. मग माझ्या लक्षात आलं की दोघंही एकाच दिशेला बघतायत. रांगेच्या टोकाकडे. आंधळ्याकडे.

मी टोपली घेऊन त्याच्यापर्यंत गेलो. त्याने मासा हुंगला आणि खाल्ला. मी मागे वळलो, तर आता सगळ्यांची तोंडं लंगडीकडे. लंगडीला दिला. मग एक पोटुशी होती, तिच्याकडे. मी कुणाला द्यायचं ते ठरवत नव्हतो. ती मला सांगत होती. म्हातारं आधी, मग अधू, मग पोटुशी, मग पिल्लं असलेली, मग बाकीची. तरणी धडधाकट सगळ्यात शेवटी. इतके महिने गेले तरी सत्यवतीने घालून दिलेलं त्यांच्यात जसंच्या तसं होतं. दोरावरची माणसं जाळं तिथेच टाकून बघायला आली होती. पल्लवी आईच्या कडेवर होती, गालावर पट्टी. तीही बघत होती.

शेवटचा मासा तांबडीने घेतला. मी पुन्हा मोकळ्या जागेत येऊन बसलो.

दिगंबर माझ्या शेजारी उकिडवा बसला. दोराने त्याचे तळहात सोलले होते. कितीतरी वर्षांत त्याने दोर धरला नसणार. त्याने हिरव्या कपाळांवरून नजर फिरवली.

"एकेक झालो?" त्याने बाईंना विचारलं.

"एकूणएक. चाव्याची खूणही कुणाच्या अंगावर नाही," बाई म्हणाल्या. "पण दर वर्षी टोचावं लागेल. एकदा करून भागत नाही."

"मगे दर वर्षी बर्फ मी देतलंय," दिगंबर म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "आणि दोर?"

"मी धरीन," मी म्हणालो.

"तुका वडूक येणा नाय. बघितलंय मी."

"शिकेन."

तो हसला नाही, पण त्याने मान हलवली. उठून नातीकडे गेला आणि तिला आईच्या कडेवरून आपल्या कडेवर घेतलं.

सूर्य पाण्याला टेकत आला होता. माणसं जाळं उचलायला लागली. बाईंनी डबा बांधला. पण कुत्री हलेनात. टोपली रिकामी झाली होती, मासळी संपली होती, तरी ती तशीच बसून होती, सगळी, समुद्राकडे तोंड करून.

"आता कशाची वाट बघतायत?" मी मथुरामावशीला विचारलं.

"तुजी," ती म्हणाली. "ती उठल्याबगर ते उठत नसत. ऊठ रे बाबा, काळोख पडतलो."

मी वाळूत हात टेकून उठलो. आणि ती सगळी रांग, त्या टोकाच्या आंधळ्यापासून या टोकाच्या काळ्यापर्यंत, माझ्याबरोबर उठली.